बी बँकेतले कोळलु

अण्णा,

तुमचा की-बोर्ड मी शेवटी सुरू केला. आधी वरचं कापड काढलं, मग वायर शोधली, मग स्टॅबिलायझर तपासला, आणि काल कुठे बी बँकेचं, म्हणजे तुम्ही घडवलेले आवाज जिथे साठतात त्या कप्प्याचं, बटण दाबलं. प्रत्येक टप्प्यावर मी थांबले आणि प्रत्येक वेळी थांबायला मला एखादं तांत्रिक कारण मिळालं. खरं कारण एकच होतं, मला भीती वाटत होती. ती अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणाऱ्यांनी एकमेकांना लिहायचं तरी काय. आता एकच विषय आहे आणि तो तुमच्याशिवाय कोणापाशी काढता येणार नाही. माझे कान. गेल्या वर्षभरात मला शंका यायला लागली आहे की ते तुमच्या कानांच्या मागोमाग चालले आहेत. ही शंका खरी की खोटी हे ठरवू शकेल अशी एकच वस्तू घरात होती. ती तुमच्या बी बँकेत होती, आणि त्या बँकेला जिवंत ठेवणारा सेल संपत आला होता.

शंका कुठून आली ते आधी सांगते. मी होसूर रोडवरच्या एका कारखान्यात काम करते, टेलिफोन एक्स्चेंजची कार्डं तपासण्याचं. सकाळी आनेकलच्या बसने जाते. सध्या सगळी कंपनी दोन हजार साल उजाडल्यावर यंत्रं काय करतील या काळजीत आहे, त्यामुळे बाकांवर कोणी फार बोलत नाही. अशाच एका दुपारी शेजारची मुलगी म्हणाली, "कोणाचं गं ते घड्याळ? बंद करा की, मघापासून बोंबलतंय." सगळ्यांनी आपापली मनगटं पाहिली. मीही पाहिलं, सगळे बघतात म्हणून. अलार्मचं चिन्ह माझ्याच घड्याळावर लुकलुकत होतं. "काय मॅडम, झोपलात काय?" असं मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. मग जिन्याच्या आडोशाला जाऊन तोच अलार्म पुन्हा लावला. घड्याळ कानाला चिकटवलं की ऐकू येत होतं, लांब कुठेतरी रातकिडा असावा तसं. वीतभर दूर धरलं की काही नाही. चिन्ह मात्र लुकलुकत होतं.

तुम्ही म्हणाल, एवढी इंजिनियर झालीस, मोजून का नाही घेतलंस? माझ्या बाकावर सिग्नल जनरेटर आहे. हेडफोन लावून हळूहळू वर गेले असते तर चहाच्या सुट्टीत उत्तर मिळालं असतं. मी ते केलं नाही. स्वतःला सांगितलं की जनरेटर फक्त आज काय ऐकू येतं तेवढंच सांगेल. पूर्वी काय ऐकू येत होतं याची माझ्याकडे नोंद कुठे आहे, आणि तुलनेशिवाय मोजमाप म्हणजे काय. हे कारण खरंही आहे. पण जनरेटर वापरला तर उत्तर आकड्यात येणार, आणि आकड्याशी मला वाद घालता येत नाही, हेही त्यामागे होतं. डॉक्टरकडे जावं तर डॉक्टर कागदावर लिहून देतात, आणि आपल्या घरात कागद आईच्या हाती लागतोच.

तुलनेची वस्तू होती, हे मला माहीत होतं. तुम्हाला आठवतं, मी कॉलेजात गेले त्या वर्षी हा की-बोर्ड घरी आला. गल्फला निघालेल्या कोणा वादकाने तो तुम्हाला दिला होता. दिवसा तुम्ही शिवाजीनगरच्या वाद्यांच्या दुकानात असायचात, संध्याकाळी मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचात. घरात अर्थिंग असलेला प्लग फक्त स्वयंपाकघरात होता, म्हणून तो की-बोर्ड दोन स्टुलांवर आडवा, मिक्सरच्या शेजारी विराजमान झाला. आईने चटणी वाटायला घेतली की दिवे मंद व्हायचे आणि तुम्ही दोन्ही हात वर करून बसायचात, कोणी बंदूक रोखल्यासारखे. "अगं, स्वल्प थांब की. आत्ता आवाज ठेवतोय." आई म्हणायची, "आवाज ठेवताय ना? मग मी चटणी पण ठेवते. उपाशीच ठेवा सगळ्यांना." मॅन्युअल मी वाचायची, बटणं तुम्ही दाबायचात. मीच तुम्हाला समजावलं होतं की बँकेत आवाज नसतो, आकडे असतात. प्रत्येक आवाज म्हणजे एक तक्ता: हा फिल्टर एवढा उघडा, हा श्वास एवढा मिसळा, हा सूर एवढ्या वेळात विरू दे. यंत्र ते आकडे वाचतं आणि त्यावरून दर वेळी नव्याने आवाज घडवतं. आत बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, वीज नसताना तो आकड्यांना धरून ठेवतो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सरी. म्हणजे ए बँक मास्तरांची. बी बँक माझी. तिला कोणी हात लावायचा नाही." कार्यक्रमाचे आवाज एमध्ये गेले. बीमध्ये तुम्ही काय घडवत होतात ते आम्हाला फक्त ऐकू यायचं.

मग ती बँक तुमच्या माघारी मी इतकी वर्षं उघडली का नाही, याचं कारण एक शब्द आहे. आपल्याकडे, बेंगळूरच्या जुन्या घरांत, दार 'काढतात'. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या आईला हे कधीच पटलं नाही. तुम्ही बाहेरून "अगं, दार काढ!" म्हणून हाक मारलीत की आई आतून विचारायची, "काढते, पण काढून ठेवू कुठे? भिंतीला टेकवू?" तुम्ही म्हणायचात, "टेकव कुठेही, मला आत घे म्हणजे झालं." तिच्याशी बोलताना पुढे पुढे तुम्ही मुद्दाम 'उघड' म्हणायला लागलात. माझ्याशी मात्र शेवटपर्यंत 'काढ'. हॉस्पिटलात त्या संध्याकाळी तुमच्या खाटेच्या एका बाजूला आई होती आणि एका बाजूला मी. तुम्ही डोळे मिटलेले ठेवूनच म्हणालात, "बी बँक काढ." नंतर तुम्ही दूध नको म्हणालात, नर्सला पंखा कमी करायला सांगितलंत, पण बँकेबद्दल पुन्हा काही बोलला नाहीत, आणि पहाटे गेलात. मला सांगितलं असेल तर उघड असा अर्थ. आईला सांगितलं असेल तर पुसून टाक. मी त्या दोन अर्थांच्या मध्ये उभी राहिले आणि दोन्हीपैकी काही केलं नाही. की-बोर्डावर कापड घातलं.

तुमचे कान गेले होते हे मला तुमच्यानंतर कळलं, तेही एकदम नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं की टेलिफोनच्या तारेतून आवाजाचा वरचा भाग जात नाही, आणि 'स'चा बराचसा जीव त्या वरच्या भागात असतो. म्हणून फोनवर नाव सांगताना माणसं एकेक अक्षर फोडून सांगतात. मी वहीत ते लिहून घेत होते आणि लिहिता लिहिता मला तो गणपतीच्या मांडवातला कार्यक्रम दिसायला लागला. मी स्टेजच्या कडेला तुमची वायर धरून उभी आहे. तुम्ही बासरी वाजवताय, म्हणजे की-बोर्डावरची बासरी, तुम्ही तिला कन्नडातल्यासारखं कोळलु म्हणायचात. आवाज असा टोकदार आहे की पुढच्या रांगेतली बाई पदर कानावर घेते. मास्तर गाता गाता वळतात, तळहात दाखवतात आणि ओरडतात, "साकु, साकु!" पुरे, पुरे. तुम्ही मान डोलावता आणि सरकपट्टी आणखी वर ढकलता. मास्तरांचे डोळे मोठे होतात. "साकु!" तुम्ही आणखी ढकलता. कार्यक्रमानंतर पानावर बसलेले असताना मास्तर म्हणतात, "एन् स्वामी, साकु अंद्रे इन्नू हाक्तीरा?" काय हो, पुरे म्हटलं तर आणखी घालता? तुम्ही शांतपणे म्हणता, "तुम्हीच 'हाकु' म्हणालात की." घाल, म्हणालात की. सगळी पंगत हसते. त्यानंतर कित्येक महिने भात वाढणारा तुमच्यापुढे आला की विचारायचा, "साकु की हाकु?" आणि तुम्ही स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचात. मीही हसायची. वर्गात वहीवर वाकून बसले तेव्हा मला कळलं की तुम्हाला 'स' ऐकूच आला नव्हता. नुसता 'आकु' ऐकू आला होता, आणि उरलेलं अक्षर तुम्ही अंदाजाने भरलं होतं.

आणि त्याच्या आधीचा तो दिवस. मी कॉलेजातून आले, तुम्ही स्वयंपाकघरात कोळलुवर बसला होतात. छोट्या पडद्यावर नाव होतं, कोळलु तीन. मी पिशवी ठेवत म्हणाले, "अण्णा, कर्कश आहे हो. शिट्टीसारखं टोचतंय." एरवी तुम्ही माझं ऐकायचात. त्या दिवशी की-बोर्डावर पंजा आपटलात, सगळे सूर एकदम किंचाळले. "तुझ्या कानात मळ साठलाय! इंजिनियरिंग शिकतीस म्हणून मला आवाज शिकवतीस? जा, हातपाय धू." मी गेले. फार वाईट वाटलं नाही, राग आला. पण त्या रागामुळे तो आवाज लक्षात राहिला, आणि आता माझ्याकडे नोंद म्हणतात ती एवढीच आहे: एकोणिसाव्या वर्षी, दाराजवळ उभी असताना, कोळलु तीन मला टोचला होता. आकडे बदलत नाहीत. यंत्र तेच, स्पीकर तोच. तो आवाज आज टोचला तर माझे कान शाबूत आहेत आणि घड्याळाचं काहीतरी दुसरं असेल. नाही टोचला, तर नाही. इतकी स्वच्छ चाचणी मला कामावरसुद्धा क्वचित मिळते. मी ती वर्षभर टाळली.

गेल्या आठवड्यात मास्तर आले नसते तर आणखीही टाळली असती. आता केस पूर्ण पांढरे झालेत त्यांचे, पण जिना चढताना अजून तान घेतात. गणपतीच्या कार्यक्रमांना की-बोर्ड हवा आहे, त्यांचा बिघडलाय. आईने मला न विचारताच हो म्हणून टाकलं होतं. मास्तरांनी खिशातून फ्लॉपी काढली, मद्रासहून आणलेल्या नव्या आवाजांची. "हळेदु बेडम्मा, एल्ला लोड माड्बिडु," म्हणाले. जुनं नको, सगळं लोड करून टाक. मी म्हणाले, "मास्तर, सगळं लोड केलं की अण्णांची बँक जाईल." ते म्हणाले, "अण्णांची? त्यात काय होतं?" मी म्हणाले, "माहीत नाही." त्यांनी फ्लॉपी माझ्या हातात ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "बघ मग. तू बघून दे." ते गेल्यावर मी पहिल्यांदा की-बोर्डाचा स्विच लावला. पडद्यावर बँकांच्या आधी दुसरीच ओळ आली, बॅटरी लो. मी लगेच बंद केला आणि सेल आणायला गेले.

काम काय करायचं हे मला येतं. आतले आकडे फ्लॉपीवर उतरवायचे, उतरले का ते तपासायचं, सेल बदलायचा, आकडे परत भरायचे. सेल काढला की मधला काही वेळ आत काहीच नसतं. तुमचं जे काही आहे ते त्या वेळात फक्त फ्लॉपीवर असतं. आणि फ्लॉपी ही आताची. तुमच्या ड्राइव्हला चालायची ती जुन्या क्षमतेची फ्लॉपी दुकानांत मिळेनाशी झालीये, त्यामुळे नवीच घेऊन तिच्या कोपऱ्यातल्या भोकावर काळी टेप लावायची, म्हणजे ड्राइव्हला ती जुनी वाटते. असं केलेल्या फ्लॉपीचा भरवसा नसतो. मी तीन केल्या. काल रविवार, आई दुपारी शेंगा सोलत बसली होती, मी मागच्या खोलीत, तिथे आता अर्थिंगचा प्लग आहे. पहिली फ्लॉपी निम्मी झाली असेल तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, पडदा विझला, ड्राइव्हचा घरघराट मध्येच तुटला. आतले आकडे यात जात नाहीत, बिघडली तर फ्लॉपी बिघडते, हे मी कोणालाही समजावून सांगू शकते. तरी मी अंधाऱ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. सेल आधीच दुबळा; वीज येईपर्यंत त्याने धरलं नाही तर? आईने बाहेरून विचारलं, "गेले का गं दिवे तुझ्याकडे पण?" मला तिच्या प्रश्नातलं सगळं नीट ऐकू आलं, आणि मी नोंद घेतली की नीट ऐकू आलं. आता मी असं करते, अण्णा. प्रत्येक वाक्यानंतर नोंद घेते.

वीज आली. आकडे होते. तिन्ही फ्लॉप्या केल्या, तपासल्या, एक बाद निघाली, दोन चांगल्या. सेल काढला. पडद्यावर आवाजांच्या नावांच्या जागी कचरा आला, अर्धी अक्षरं, चौकोन. नवा सेल बसवला, फ्लॉपी घातली, लोड म्हटलं, आणि एकेक ओळ परत आली. बी बँकेत बाकी सगळं कारखान्याचंच होतं. तुमचं म्हणावं असं एकच, कोळलु. कोळलु एक, कोळलु दोन, तीन, असे सात.

मी आवाजाची पट्टी खाली ओढून ठेवली आणि आधी नुसते आकडे पाहिले. फिल्टर किती उघडा, म्हणजे आवाज किती टोकदार, एवढंच. पहिल्यात अठ्ठावन्न. दुसऱ्यात त्रेसष्ट. तिसऱ्यात बहात्तर. मग एक्याऐंशी, मग नव्वद, मग नव्याण्णव. नव्याण्णवच्या पुढे यंत्र जात नाही. सातव्यातही नव्याण्णवच होते, पण तिथे तुम्ही श्वासाचा आवाज आणि वरच्या सुरांची पट्टी दोन्ही शेवटपर्यंत नेली होती. यंत्र संपलं, तुम्हाला हवं होतं ते अजून पुढेच होतं. मला वाटत होतं की बी बँकेत तुम्ही काहीतरी नवं घडवत होतात. तुम्ही नवं काहीच करत नव्हतात. तुम्ही एकाच बासरीला, जशी ती पूर्वी ऐकू यायची तशी परत आणायला बघत होतात, आणि दर काही महिन्यांनी ती तुमच्यापासून आणखी एक पाऊल मागे जात होती. डॉक्टर कानांचा जो आलेख काढून देतात तो तुम्ही कोणाकडे न जाता स्वतःच काढला होता, आणि जपूनही ठेवला होता. मला वाटतं, तुम्ही 'उघड' म्हणाला होतात. पण मला आता तसं वाटायला हवंही आहे, त्यामुळे माझ्या मताला फारशी किंमत नाही.

मग पट्टी वर केली. पहिल्या कोळलुपासून सुरुवात केली, म्हणजे शंकेला जागा नको. तो तुमचा गाजलेला कोळलु, मास्तर ज्यावर खूश असायचे, एमधून तुम्ही तो बीत उतरवून घेतला होता. मला तो मुका वाटला. कापडात गुंडाळून वाजवावा तसा. मी स्पीकरची जाळी हाताने पुसली, वायर काढून पुन्हा घातली. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या आधी मी बराच वेळ थांबले. मी उठून दाराजवळ गेले, कॉलेजातून आले होते तेव्हा साधारण जेवढ्या अंतरावर होते तेवढं अंतर ठेवलं, आणि छत्रीच्या टोकाने स्वर दाबून धरला. हसायला येईल तुम्हाला. कोळलु तीन टोचला नाही. चांगला, साधा, थोडा बुजरा आवाज होता. मी चौथा लावला. चौथा लागला आणि माझ्या मानेवर काटा आला, कारण ती बासरी होती. फुंकरीची कड, स्वर सुटताना येणारी ती बारीक खरखर, सगळं जागच्या जागी. कितीतरी दिवसांत मला इतका पुरा आवाज ऐकू आला नव्हता. मी तीन-चार स्वर वाजवले. वाजवतच राहिले.

"बंद कर गं ते!" आई दारात उभी होती, दोन्ही हात कानांवर, बोटांना शेंगांची साल चिकटलेली. "दातांत कळ आली माझ्या. केव्हाची ओरडतेय मी." मी बोट उचललं. आई पुढे काहीतरी बोलणार होती, पण तिने माझा चेहरा पाहिला आणि हात हळूहळू खाली आणले. ती पडद्याजवळ आली, चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं तरी वाकून बघितलं. "कितवा?" तिने विचारलं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कितवा आहे हा?" मी म्हणाले, "चौथा." ती स्टुलावर बसली. "तुला बरा वाटतोय का हा?" मी आवाजाची पट्टी खाली ओढली. माझी उत्तर न द्यायची सवय तिला माहीत आहे. ती तुमच्याकडून आली असंही ती म्हणते.

मग तिने सांगितलं. स्वयंपाकघरात एकेक कोळलु वाढत गेला तसा तिने मोजला होता. तुम्ही तिला कधीच काही बोलला नव्हतात, तिनेही विचारलं नव्हतं. "मी मागे उभी राहून हळू बोलून बघायची," ती म्हणाली. "ते पेपर वाचत असायचे तेव्हा. काहीही बोलायची. चहा देऊ का, छपराला आग लागलीय, तुमची बहीण आलीय. ते 'हूं' म्हणायचे. छपराला आग लागली तरी 'हूं'." ती जरा हसली. "मग मी समोर येऊन तेच मोठ्याने विचारायची. चहाचं तेवढं." मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुझं कॉलेज चालू होतं. आणि त्यांना वाटायचं, मास्तरांना कळलं तर दुसरा माणूस घेतील." मग बोटांची साल झटकत म्हणाली, "तुझं वय काय, त्यांचं वय काय. तुला मळच असेल साठलेला. उद्या तेल घाल." आणि शेंगा तशाच टाकून देवापाशी दिवा लावायला गेली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

मी घाबरले आहे, अण्णा. तुम्ही चौथ्यावर होतात तेव्हा पन्नाशीच्या जवळ होतात. मी तिशीच्या आतच तिथे आहे. तीन अजून माझ्यापुढे आहेत आणि त्यानंतर यंत्र संपतं. माझं काम ऐकण्याचं नाही, असं मी स्वतःला सांगते. स्क्रीनवर रेषा दिसतात, मीटरवर आकडे दिसतात, कानांवाचून माझं फारसं अडणार नाही. हे सगळं बरोबर आहे आणि याने काहीही होत नाही. बसमध्ये कंडक्टर मागून ओरडतो तेव्हा मी आता त्याच्या ओठांकडे बघते. कधीपासून बघते ते मला सांगता येणार नाही.

मास्तर आज सकाळी येऊन की-बोर्ड घेऊन गेले. त्यांची फ्लॉपी मी फक्त ए बँकेत भरली, बीला कुलूप लावलं. "अण्णांचं ठेवलंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, तुमची आठवण म्हणून ठेवलं. मी तसं वाटू दिलं. मी ती बँक ठेवली कारण पाच, सहा आणि सात मला लागणार आहेत. कुठवर आले हे बघायला दुसरं काही नाही. हा कागद की-बोर्डाच्या केसमध्ये सरकवायचा असं सुरुवातीला मनात होतं, पण केस मास्तरांबरोबर गेली, आणि घरात ठेवलेला कागद आई वाचते. तेव्हा लिहून झाला की तुकडे करून टाकेन.

एवढं मात्र सांगून टाकते. मघाशी मी मोरीत भांडी विसळत होते. समोर स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं होतं, त्यात माझ्या मागे आई दिसली, दाराला टेकून उभी. तिचे ओठ हलले. नळ मी आधीच बंद केला होता. मला तिचा आवाज आला, स्वर आले, खालीवर जाणारं एक वाक्य आलं. शब्द आले नाहीत. पातेल्यात ती वाट बघत होती. मी मागे न वळता, जरा वेळ विचार केल्यासारखं दाखवून, "हो" म्हणाले.

काय विचारलं होतं, ते मला माहीत नाही.